उभ्या गाडीचा गंज

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांस ‘विद्यालयाच्या वाटचालीतील एक संस्मरणीय प्रसंग’ हा विषय दिला. इतिहासाच्या शिक्षकाकडून स्थापनेची हकीकत, इमारत निधी, पहिली तुकडी अशा नोंदींची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या नोंदी अन्य सहकाऱ्यांनी या अंकात घेतल्या आहेत. आम्ही लिहीत आहोत ते शाळेच्या बसच्या जाम झालेल्या ब्रेकविषयी. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्हांस जे उमगले नव्हते ते त्या तीन दिवसांत उमगले, आणि त्यात आमची स्वतःची एक चूकही आहे. चुकीची नोंद ठेवायची नसेल, तर इतिहास शिकवण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली आणि मुले गावोगाव परतली. बस आवारातील चिंचेखाली उभी राहिली. चालककाकांनी गावी निघताना नेहमीच्या सवयीने हँडब्रेक करकचून ओढला. चार दिवसांचा प्रश्न आहे, असे तेव्हा सर्वांनाच वाटत होते. त्या चार दिवसांचे वीस महिने झाले. दोन पावसाळे बसवरून गेले. शासनाने ४ ऑक्टोबर २०२१ पासून शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग सुरू केले आणि दिवाळीनंतर वसतिगृहही हळूहळू भरू लागले. नवी बॅटरी बसवली, इंजिन सुरू झाले, मुलांनी टाळ्या वाजवल्या. गिअर टाकला, तर बस मागून किंचित दबली आणि जागची हलेना. मागचे डावे चाक धरले होते.

आमचा उपाय सोपा होता. दहावीची मुले मागे उभी केली आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून धक्का मारायला लावला. चालककाकांनी इंजिन तापेपर्यंत रेस केली. चाक फिरले नाही. मातीत चर पाडत टायर वीतभर फरपटला, एवढेच. शेवटी काका म्हणाले, “सर, नाना पेठेत एक मेकॅनिक आहे. ब्रेकचंच काम करतो. आपल्याच शाळेत होता म्हणतात.”

दुपारी तो आला. सोबत एक पोरगेला मदतनीस आणि मोटारसायकलला बांधलेली लोखंडी पेटी. “जय भीम, सर,” म्हणून हसला. वय सदतीस-अडतीसच्या आसपास. चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवले नाही. त्याने ते सांगितले. तरी आम्हांस आठवल्याचे केवळ नाटक करता आले. (त्याचे नाव येथे देत नाही. तशी त्याचीच इच्छा आहे.) मातीतला चर पाहून तो म्हणाला, “आता जोर नका लावू, सर. लायनरनं ड्रम धरलाय. ओढत राहिलात तर लायनर उखडून आत अडकेल, मग ड्रम फोडूनच काढावा लागेल.”

ब्रेकची रचना आम्ही त्या दिवशी प्रथमच समजून घेतली. मागील चाकात बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, गोल ड्रम असतो. पेडल दाबले की आतील दोन अर्धवर्तुळाकार शू बाहेर सरकतात आणि त्यांवरचे लायनर ड्रमच्या आतल्या बाजूला घासून चाक थांबवतात. ही कल्पना लुई रेनॉ याने १९०२ च्या सुमारास रूढ केली. हँडब्रेक ओढून गाडी महिनोन्महिने उभी ठेवली आणि आत दमट हवा शिरली, की ड्रमला गंज चढतो आणि लायनर त्याला चिकटून बसतो. म्हणजे बस बिघडली नव्हती. आम्ही तिला ज्या स्थितीत थांबवले, त्याच स्थितीत ती गोठली होती.

त्याने आधी पुढील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. मग हँडब्रेक सोडला. दांडी खाली गेली, पण केबल मागे सरकली नाही, कारण तीही आपल्या नळीत गंजली होती. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात, हे त्याने मुलांना जवळ बोलावून दाखवले. सहापैकी पाच सुटले. सहावा हलेना. आम्ही पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि त्यावर अंगाचा भार टाकू लागलो. त्याने हलकेच आमचा हात बाजूला केला.

“सर, असा जोर लावला तर दोनच गोष्टी होतात. नट सुटतो, नाहीतर स्टड तुटतो. हाताला दोन्ही सारखंच लागतं. तुटलं तरी सुटलं असंच वाटतं.”

हे वाक्य आम्ही त्या वेळी ऐकून सोडून दिले. पुढे त्याच्याकडे परत यावे लागणार आहे.

त्याने नटाभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने झाडला, गंज सोडवणाऱ्या तेलाचा फवारा मारला आणि पाना लावून नट आधी किंचित आवळला. सोडवायचा तो आवळतो कशाला, असे एका मुलाने विचारले. त्याने सांगितले ते असे : लोखंडाचा गंज होतो तेव्हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. आट्यांमधल्या केसभर फटीत तो फुगतो आणि पाचर मारल्यासारखा नट घट्ट करतो. केसभर आवळले की ती खपली मोडते, तेल आत उतरायला वाट होते. मग थोडे सोडायचे, पुन्हा आवळायचे, पुन्हा सोडायचे. पाव फेऱ्याला पाच मिनिटे लागली तरी चालतील. नट कुरकुरला, पुढे-मागे झाला आणि सुटला. स्टडचे आटे शाबूत होते.

मग जॅकने बस उचलून तिच्याखाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणी जायचे नाही, ही तंबी त्याने मुलांना दोनदा दिली. चाक निघाले, ड्रम मात्र आपल्या जागी ठाम. आमची नजर पेटीतल्या मोठ्या हातोड्याकडे गेली. त्याने तो उचललाच नाही. बीड ठोकले तर वाकत नाही, तडकते. शिवाय जुना ड्रम आतून झिजलेला असतो आणि त्याच्या काठाला कंगोरा राहतो. शू त्या कंगोऱ्याच्या आत अडकलेले असताना ड्रम बाहेर ओढणे व्यर्थ असते. त्याने हँडब्रेकच्या केबलचा नट सैल केला, चाकामागच्या पत्र्यातील रबरी बूच काढले आणि त्या भोकातून स्क्रू ड्रायव्हरने शू मागे घेणारी दातेरी चकती फिरवू लागला. तीही जाम होती. तेथेही तेल, पण मोजके. लायनरला तेल लागले तर तो फेकून द्यावा लागतो. ड्रम हबवर जेथे बसतो त्या कडेला त्याने तेल सोडले, स्टडच्या मधल्या जागी छोट्या हातोडीने सगळीकडून हलके ठोके दिले आणि हात पुसले.

“आता उद्या.”

“उद्या?”

“तेल आत जायला वेळ लागतो, सर. आज रात्री ते काम करील. आपण जेवू.”

वसतिगृहाच्या भोजनगृहात त्या रात्री पिठले-भाकरी होती. तो आमच्याशेजारी बसला. शेवटी आम्ही विचारलेच : शाळा का सोडलीस? तो सहज म्हणाला, “नववीत नापास झालो, सर. पण त्याच्या आधीच मन उडालं होतं. तुम्ही गुप्तकाळ शिकवत होता. मेहरौलीचा लोहस्तंभ. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे आणि गंजला नाही, असं तुम्ही सांगितलं. मी उठून विचारलं, तो का गंजत नाही? आमच्या वस्तीतले नळसुद्धा वर्षभरात गंजायचे. तुम्ही म्हणालात, ‘आधी तुझ्या डोक्याला चढलेला गंज काढ.’ सगळा वर्ग हसला. पुढं वर्षभर पोरं मला गंज्याच म्हणायची.”

त्याच्या सांगण्यात राग नव्हता. आम्हांस तो प्रसंग मुळीच आठवत नव्हता, आणि हेच अधिक लागले. बोलणारा विसरतो, ज्याला बोलले जाते तो विसरत नाही. एक गोष्ट मात्र आम्हांस ठाऊक होती. त्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा आमच्यापाशी नव्हते. स्तंभावरील लेखातील ‘चंद्र’ राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त असावा, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. लोखंड का गंजत नाही, हा प्रश्न एम.ए.च्या पुस्तकांत कुणी आम्हांस विचारला नव्हता. नववीतल्या मुलाने विचारला, आणि आमचे अज्ञान झाकण्यासाठी आम्ही त्याला हसण्यावारी नेले.

त्या घटनेनंतर तो वर्गात गप्प बसू लागला असणार. आम्ही बहुधा मुलगा सुधारला असे समजलो असू. दुपारचे त्याचे वाक्य आता आठवले. तुटले होते, आम्हांस ते सुटल्यासारखे वाटले होते.

त्या रात्री झोप आली नाही. आमचे वडील दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमध्ये हेल्पर होते. त्यांच्या हातांना कायम डिझेलचा वास असे. आम्ही कधी पान्याला हात लावला तर ते तो काढून घेत आणि पुस्तक हाती देत. त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. त्या हातांनी सोसलेले त्यांना मुलाच्या वाट्याला येऊ द्यायचे नव्हते. परंतु त्यातून आम्ही नको तेही शिकलो : हात काळे होतात ते काम खालचे. जातिव्यवस्था ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलेले विवेचन आम्ही वर्षानुवर्षे वर्गात समजावून दिले. आणि त्याच वर्गात बुद्धी व हात यांची वाटणी स्वतः करत राहिलो. दरवर्षी ११ एप्रिलला आम्ही मुलांना फुलेवाड्यात नेतो. वाटेत नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने आणि गॅरेजे लागतात. तेथे आम्ही मुलांना थांबू दिले नाही. जोतीराव स्वतः कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाला बांधकामाचे साहित्य पुरवत होते, १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी अभ्यासक्रमात शेतीचे ज्ञान मागितले होते. हे सर्व आम्ही वाड्यात उभे राहून सांगत असू. वाड्याबाहेरच्या गल्लीतील ज्ञान आम्हांस दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो येण्यापूर्वी आम्ही उत्तर वाचून ठेवले होते. तो पेटी उघडत असतानाच आम्ही म्हणालो, “अरे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.” दहावीची मुले भोवती होती, ते बरेच झाले. लोहस्तंभ अजिबात गंजत नाही असे नाही. त्या काळच्या भट्टीच्या पद्धतीमुळे त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण पुष्कळ राहिले. त्यामुळे त्याच्या पृष्ठभागावर एक पातळ, घट्ट थर तयार झाला आणि त्याने आतील लोखंड राखले. साध्या गंजाची खपली पोकळ असते. तिच्यातून पाणी आणि हवा आत जातच राहते. “म्हणजे पहिला गंजच राखण करतो,” तो म्हणाला. मग आम्ही मुलांसमोर सांगितले की हा प्रश्न उत्तम होता, तेव्हा आम्हांस उत्तर येत नव्हते, आणि ते कबूल करण्याऐवजी आम्ही या विद्यार्थ्याचा अपमान केला. त्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागतो.

तो क्षणभर खाली पाहत राहिला. मग म्हणाला, “सर, ड्रमकडं बघू या का?”

ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोके होती. त्याने त्यांत दोन बोल्ट घातले आणि अर्धा फेरा हा, अर्धा फेरा तो, असे आळीपाळीने आवळत गेला. एकाच बाजूने ओढले तर ड्रम तिरका होऊन अधिक अडकतो. मध्ये थांबून हातोडीचे हलके ठोके. सहाव्या की सातव्या फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज झाला आणि वीस महिन्यांचा ड्रम सुपासारखा हातात आला. मुलांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. आतली धूळ फुंकायला धावलेल्या एकाला त्याने अडवले. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. मास्क तर तेव्हा सर्वांच्याच तोंडाला होता.

पुढील चाकांना डिस्क ब्रेक होते. तेथे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या एका बाजूच्या पिना जाम होत्या आणि पिस्टनही अडकला होता. पिस्टन पकडीने ओढायचा नाही, ओरखडा पडला की तो कामातून जातो. त्याने समोर लाकडाचा तुकडा ठेवून पेडल हळूहळू दाबायला लावले. ब्रेक ऑइलच्या दाबानेच पिस्टन बाहेर आला. त्यावर गंजाचे बारीक खड्डे होते. बाहेरचे पाणी आत कसे गेले, असे आम्ही विचारले. ते ऑइलमधूनच आले होते. डॉट-३ किंवा डॉट-४ प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते, गाडी चालली नाही तरीही.

सर्वांत नाजूक काम ऑइलमधील हवा काढण्याच्या निपलचे होते. ते आतून पोकळ असते. जोर लावला की मुंडके तुटून हातात येते. त्याने कॅलिपर गाडीपासून वेगळा केला, ऑइल पुसून काढले, रबरी भाग काढून ठेवले आणि मगच निपलभोवतीचे लोखंड गरम केले. शाळेच्या भांडारातून मेणबत्ती मागवून ती तापलेल्या आट्यांना टेकवली. मेण वितळून आत ओढले गेले. गार झाल्यावर सहा बाजूंचा बॉक्स पाना बसवून किंचित आवळले, मग सोडवले. निपल अखंड निघाले.

सगळेच वाचवायचे असते, असा मात्र त्याचा आग्रह नव्हता. मागील ब्रेक पाइपचा नट फिरवताना पाइपही पिळत आहे असे दिसताच त्याने तो सरळ कापला. खड्डे पडलेला पिस्टन, सगळे रबर आणि लायनर बाजूला टाकले. “ब्रेकमध्ये चालवून घ्यायचं नसतं, सर. यात पोरं बसणार आहेत.” नवे भाग नाना पेठेतून आले. बसवताना पिनांना रबराला चालणारेच ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. हबच्या तोंडावर पातळ हात फिरवला, लायनरला मात्र बोटही लागू दिले नाही.

तिसऱ्या दिवशी ब्रेकमधील हवा काढायची होती. त्याला दोन माणसे लागतात. तो सर्वांत लांबच्या, मागील डाव्या चाकाशी बसला आणि आम्हांस चालकाच्या जागी बसवले.

“दाबा, सर.”

आम्ही पेडल दाबले.

“धरून ठेवा. सोडू नका.” त्याने निपल उघडले, पाय खाली गेला. त्याने निपल बंद केले. “आता सोडा. हळू. परत दाबा.”

अर्धा तास आम्ही त्याच्या आज्ञेप्रमाणे दाबत, धरत आणि सोडत होतो. हळूहळू मऊ पेडल पायाखाली कठीण झाले. त्याच्या सूचना थोडक्या आणि स्पष्ट होत्या. आम्ही दोनदा घाई केली, तेव्हा त्याने तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा सांगितले. शिकवण्याची ही पद्धत आमच्यापेक्षा चांगली होती.

संध्याकाळी बसने आवाराच्या चार फेऱ्या घेतल्या आणि चारही वेळा सरळ रेषेत थांबली. त्यानंतर तिची रीतसर फिटनेस तपासणीही झाली. आता सुटीत बस उभी राहते ती चाकांना ठोकळे लावून. हँडब्रेक ओढून नव्हे. आठवड्यातून एकदा काका ती आवारात फिरवून ब्रेक दाबून पाहतात. चालत्या ब्रेकचा गंज घासला जातो, उभ्या गाडीचा साचत राहतो.

त्याची पुढील हकीकत अशी. शाळा सुटल्यावर तो नाना पेठेतील एका गॅरेजमध्ये लागला. पहिले वर्ष झाडू आणि नट धुणे यांत गेले. नंतर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी झाला, औंधच्या आय.टी.आय.मधून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केला आणि आज स्वतःचे गॅरेज चालवतो. महिन्यातून एका रविवारी तो नववीच्या मुलांना पाना धरायला शिकवतो. मुलगा प्रश्न विचारतो तेव्हा आम्ही दाराशी उभे राहून ऐकतो.

माजी विद्यार्थी मेळाव्याला आजवर का आला नाहीस, असे आम्ही विचारले होते. तो म्हणाला, “मी कुठं माजी विद्यार्थी? माझं नाव यादीत नाही.” आम्ही कार्यालयात जाऊन पाहिले. खरोखरच नव्हते. आमची यादी दहावीच्या निकालपत्रांवरून केली जात होती. जे मध्येच गेले, ते त्यात कधी आलेच नव्हते.

या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची जी यादी आहे, ती या वेळी जुन्या हजेरीपटांवरून तयार केली आहे. एक वर्ष राहिलेले, नापास झालेले, न सांगता गेलेले असे सर्वजण तीत आहेत. काही हजेरीपट पावसात भिजले असल्याने नावे सुटली असतील. ज्यांना ठाऊक असेल त्यांनी कार्यालयात कळवावे. आणि आमच्या एखाद्या शब्दामुळे कुणी शाळेचे दार सोडून गेले असेल, तर त्यांनीही यावे. आम्हांस कदाचित आठवणार नाही; त्यांनी आठवण करून द्यावी.